कुलाब्याचं अफगाण चर्च : भिंतीवर नावं कुणाची आहेत?

वेण्णाकाठची
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आबांना घेऊन भावाकडे मुंबईला गेले होते. आबा म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना नेव्ही नगरकडे जाऊन जुन्या ओळखीच्या जागा बघायच्या होत्या. वाटेत अफगाण चर्च लागलं. दार उघडं होतं, म्हणून विचारून आत गेलो.

आबांनी सवयीने चपला बाहेर काढल्या. तिथले काका म्हणाले, "राहू द्या, इथे चालतं." आबा म्हणाले, "मला नाही चालत." तर आम्ही दोघंही अनवाणी. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आतली फरशी माठातल्या पाण्यासारखी गार. मोठाल्या टोकदार कमानींची रांग, वर उंच छत, समोर टोकाला वेदी, आणि वेदीजवळच्या भिंतींवर नावंच नावं. आबांनी खिशातून चष्मा काढला आणि एकेक नाव बोटाने, भिंतीला बोट न लावता, वाचत गेले. कॅप्टन, लेफ्टनंट, मेजर. पुढे एका लेखाचा अर्थ मी त्यांना सांगितला. तो साधारण असा : ज्या अधिकाऱ्यांची नावं या भिंतींवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि ज्यांची संख्या इतकी मोठी की अशी नोंद करता येत नाही त्या हुद्देदारांच्या आणि साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं, ते १८३८ ते १८४३ मध्ये सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आजाराने किंवा तलवारीने पडले.

आबा जरा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपली नावं मावली नाहीत."

परत येताना एसटीत ते सातारा येईपर्यंत तोच विषय बोलत होते. म्हणून हा धागा. हे चर्च कुणी, कसं बांधलं? त्या लढाईत आपल्याकडची माणसं होती का? जाणकारांनी लिहावं, मी सगळं आबांना वाचून दाखवणार आहे.

चारभिंती
ताई, आबांना नमस्कार सांगा. थोडी पार्श्वभूमी देतो.

पहिलं अफगाण युद्ध १८३८ ला सुरू झालं. रशिया खाली सरकतोय या भीतीने कंपनी सरकारने काबूलच्या गादीवर आपल्या मर्जीतला शाह शुजा बसवायचं ठरवलं. मुंबईहून सर जॉन कीनची फौज जहाजांनी सिंधूच्या मुखापर्यंत गेली, तिथून सिंध, मग बोलन खिंड चढून वर. २३ जुलै १८३९ ला गझनी पडलं, पाठोपाठ काबूल. परतताना मुंबईच्या फौजेने नोव्हेंबरात बलुचिस्तानातलं कलात घेतलं. इथपर्यंत सगळं त्यांच्या मनासारखं चाललं होतं. मग काबूल पेटलं. जानेवारी १८४२ च्या कडाक्याच्या थंडीत साधारण साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर, बायकापोरं काबूलहून निघाली ती बर्फात आणि खिंडीतल्या गोळीबारात संपली. १३ जानेवारीला त्यांच्यातला डॉक्टर ब्रायडन एकटाच थकलेल्या घोड्यावर जलालाबादच्या इंग्रज ठाण्यात पोचला. १८४३ मध्ये सिंधही घेतला. शिलालेखातली १८३८ ते १८४३ ही वर्षं म्हणून.

कुलाब्याला तेव्हा छावणीसाठी साधं शाकारलेलं प्रार्थनाघर होतं. तिथे पक्कं चर्च बांधू आणि तेच या मेलेल्यांचं स्मारक करू, अशी कल्पना पुढे आली. वर्गणी निघाली. ४ डिसेंबर १८४७ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली, ७ जानेवारी १८५८ ला बिशप हार्डिंग यांनी ते उपासनेसाठी अर्पण केलं. मनोरा आणि त्यावरचा सुळका पुरा व्हायला १८६५ उजाडलं. संत योहानाचं चर्च हे त्याचं खरं नाव, पण मुंबईत कुणालाही विचारा, अफगाण चर्चच म्हणतील.

रेवडी
माहिती छान, पण मनापासून विचारतो, आपण का हळहळायचं? इंग्रजांनी दुसऱ्याच्या मुलखात जाऊन लढाई केली, त्यांची माणसं मेली, त्यांनी त्यांचं चर्च बांधलं. सातारच्या गादीचं याच लोकांनी काय केलं ते विसरलो का आपण? १८३९ लाच प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं.

ड्रॉइंग_बोर्ड
रेवडी, इतिहासाचा राग समजतो, पण इमारत म्हणून ही फार मोलाची आहे, म्हणून लिहितोच.

पहिला आराखडा इंग्लंडहून आला होता, डेरिक नावाच्या वास्तुकाराचा. खर्च आवाक्याबाहेर गेला म्हणून तो बाजूला पडला. मग काम आलं हेन्री कॉनिबेअरकडे. हा मुळात अभियंता. मुंबईला विहार तलावातून नळाने पाणी आणण्याची योजना याचीच. म्हणजे ज्याने शहराची तहान भागवली त्यानेच हे चर्च उभं केलं. आतलं लाकडी नक्षीचं आडवं जाळीकाम, बाकं, वेदीमागची सजावट, फरशीची रचना विल्यम बटरफिल्डची. फरशा इंग्लंडहून आल्या. रंगीत काचा विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. वरचा मनोरा आणि सुळका नंतर जेम्स ट्रबशॉने पुरा केला. सुळक्याची उंची १९८ फूट.

त्या उंचीमागे एक कारण आहे. सरकारने जागा देताना अट घातली होती की सुळका समुद्रावरून दिसला पाहिजे. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो खुणेसारखा धरता यावा म्हणून. आज चहूबाजूंनी इमारती आहेत, तरी नकाशा काढून बघा, कुलाब्याच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर दोन्हीकडे समुद्र आहे.

आणि काळ लक्षात घ्या. व्हीटी स्टेशन १८८८ चं, राजाबाई टॉवर १८७८ चा. मुंबईची जी टोकदार कमानींची ओळख आपल्या डोळ्यापुढे येते, त्याच्या वीस-तीस वर्षं आधी हे चर्च उभं होतं. शैली तेराव्या शतकातल्या इंग्लंडची : नक्षीचा सोस कमी, उंच निमुळत्या खिडक्या भाल्याच्या पात्यासारख्या, आणि सगळा भर उंचीवर.

टोकदार कमानीचा गुण असा की अर्धगोल कमानीपेक्षा ती बाजूला कमी रेटते, भार जास्त करून खाली नेते. त्यामुळे कमानी रुंद घेता येतात, भिंती उंच नेता येतात. ताई, तुम्हाला आत गेल्यावर जी मोकळी जागा जाणवली ती या रुंद कमानींमुळे.

वेण्णाकाठची
@ड्रॉइंग_बोर्ड, अगदी! आबा म्हणाले होते, "इथे आवाज खाली बसत नाही, वर जातो." त्यांनी हळूच खाकरून बघितलं होतं.

पाथरवट_वडूज
आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम. पाटे-वरवंटे, जोती, देवळाच्या पायऱ्या, सगळं. मी स्वतः दोन वर्षं मुंबईत एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला होतो, तेव्हा रविवारी जाऊन हे चर्च बघून आलोय. दगडाबद्दल सांगतो.

बाहेरून जो पिवळट-बदामी दगड दिसतो तो कुर्ल्याचा. आपला सातारी काळा दगड आणि तो दगड दोन्ही ज्वालामुखीचेच, पण जात वेगळी. आपला काळा पाषाण छिन्नीला दाद देत नाही, ठिणग्या काढतो, पण एकदा बसवला की शंभर पावसाळे त्याला काही करत नाहीत. खांब, कमानी आणि कडांना वापरलाय पोरबंदरचा दगड. तो चुनखडीचा, मऊ. करवतीनं कापला जातो म्हणा ना. नक्षीला झकास. पण खारा वारा त्याचा दुश्मन. मीठ दगडाच्या पोटात शिरतं, पावसात विरघळतं, उन्हात परत गोठतं आणि आतून पापुद्रा ढकलतं. मी एका कडेवर नुसता अंगठा फिरवला तर भुकटी हाताला आली, पिठीसाखरेसारखी.

आणि अशा जागी लोक सिमेंटनं डागडुजी करतात, तेव्हा माझा जीव तुटतो. दगड श्वास घेतो. चुन्यानं भरलं तर ओल बाहेर पडते. सिमेंटनं भरलं तर ओल आत अडकते आणि दगडच फुटतो. मी ज्या कामावर होतो तिथल्या मुकादमाला हे सांगून थकलो, ऐकलं नाही, तिसऱ्या पावसाळ्यात तोच भाग निखळला. चर्च असो, देऊळ असो, दगडाला धर्म नसतो, त्याला चुना लागतो.

रेवडीभाऊ, ते चर्च इंग्रजांनी बांधलं म्हणता. पैसा आणि आराखडा त्यांचा. पण प्रत्येक दगडावर टाकीचे घाव आहेत, जवळ जाऊन बघा. ते घाव कुणा इंग्रजाच्या हातचे नाहीत.

यवतेश्वर
शेवटच्या ओळीला दंडवत.

कंदी_पेढा
अवांतर विचारू का? मी लहानपणी चर्चगेटला उतरून चर्च शोधत फिरलो होतो. ते हेच का?

चारभिंती
नाही हो. चर्चगेट म्हणजे मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा, ज्यातून आत शिरलं की रस्ता थेट संत थॉमसच्या चर्चकडे जायचा. ते चर्च हुतात्मा चौकापासून हाकेवर आहे. त्याची कथाही वाचण्यासारखी. १६७६ मध्ये जेराल्ड ऑन्जियरच्या काळात पाया घातला, भिंती माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर आल्या आणि काम जे थांबलं ते चाळीस वर्षं तसंच. १७१५ नंतर रिचर्ड कॉब नावाच्या धर्मोपदेशकाने मंडळींना लाज आणून वर्गणी गोळा केली आणि १७१८ च्या नाताळला ते उघडलं. किल्ला पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र स्टेशनाला चिकटलं. आपल्याकडे नाही का, वेस कधीच पडली तरी रिक्षावाल्याला वेशीपाशीच सोडायला सांगतो.

कंदी_पेढा
धन्यवाद! तीस वर्षांनी चर्च सापडलं.

सदरबझार
ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. आम्ही सातारचे मराठी ख्रिस्ती, माझी ही इथली पाचवी पिढी. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं साताऱ्यात १८४९ ला आलं, तेव्हापासूनची आमच्या घरची आठवण आहे.

तुम्ही वेदीजवळच्या भिंतींचा उल्लेख केलात, त्याबद्दल थोडं सांगते. चर्चची लांबट इमारत बहुधा पूर्व-पश्चिम असते. लोक बसतात तो मोठा भाग, मग एक-दोन पायऱ्या चढून वेदीचा भाग, तो पूर्वेला. आपल्या देवळाच्या भाषेत सभामंडप आणि गाभारा म्हणा. सकाळच्या उपासनेला वेदीमागच्या रंगीत काचांतून उजेड आत येतो. म्हणजे ती नावं गाभाऱ्याच्या भिंतीवर कोरल्यासारखी आहेत. प्रभुभोजनाला पुढे जाणारा प्रत्येक जण त्या नावांच्या मधून जातो. म्हणूनच "उरलेल्यांची नोंद करता येत नाही" हे वाक्य तिथे जास्त बोचतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगाविशी वाटते. चर्च म्हटलं की इंग्रज आठवतात, हे आम्हाला शाळेत असल्यापासून ऐकावं लागलंय. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात येऊन राहिले, इथेच त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद न करता येशूला मानणाऱ्या सगळ्यांनी एकत्र यावं, ही त्यांची तळमळ. अभंग-ओवीत त्यांनी भजनं लिहिली. आमच्याकडे आजही उपासनेला पेटी आणि तबला असतो, कीर्तन होतं, आणि म्हाताऱ्या बायका पदर डोक्यावर घेऊन बसतात. तुमच्या आबांनी चपला काढल्या ना, माझी आजीही काढायची. कुणी सांगितलं नव्हतं.

वेण्णाकाठची
हे वाचून दाखवल्यावर आबा म्हणाले, "त्या ताईंना सांग, एकदा त्यांच्याकडे भजनाला येईन."

सदरबझार
कधीही या. रविवारी या.

बोगद्यापलीकडे
घंटांबद्दल कुणी लिहिलं नाही. अफगाण चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, १९०४ च्या, इंग्लंडच्या टेलर ओतशाळेत ओतलेल्या. पश्चिम भारतात यांच्या तोडीच्या घंटा नाहीत असं म्हणतात. पुण्याच्या पंचहौद चर्चचा उंच घंटाघराचा मनोराही बघण्यासारखा आहे. त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० ला चहा घेतल्यावरून लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, आलं होतं.

कंदी_पेढा
चहासोबत बिस्किटंही होती, असं ऐकलंय!

रेवडी
चहा-बिस्किटं राहू द्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर पाथरवट दादांनी अर्धं दिलं, ते मी मानतो. पण 'आपली नावं मावली नाहीत' यात 'आपली' कोण? त्या मोहिमेत मराठी शिपाई होते याला आधार काय?

काली_पांचवी
आधार मी देतो. मी त्याच पलटणीत नोकरी केली.

मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण म्हणजे 'काली पांचवी'. तिचं मूळ १७६९ चं. पहिल्या अफगाण युद्धाच्या वेळी ती मुंबई फौजेची पाचवी नेटिव्ह इन्फंट्री होती. १८४० मध्ये कॅप्टन लुईस ब्राउनच्या हाताखाली या पलटणीची तुकडी बलुचिस्तानात मरी टोळ्यांच्या मुलखात काहान नावाच्या एकाकी गढीत पाठवली. मे महिन्यात ते आत गेले आणि वेढले गेले. रसदीचे उंट परत नेणारी त्यांचीच एक तुकडी वाटेत कापली गेली. ऑगस्टच्या शेवटी मेजर क्लिबर्न सुटकेला निघाला, नफुस्क खिंडीत त्याचा मोड झाला. त्या दिवशी गोळीने मेले त्यांच्याइतकीच दैना पाण्यावाचून झाली. गढीतून आपल्या लोकांना ती मदत येताना दिसली आणि परत जातानाही.

तरी गढी पडली नाही. ताप, अंगावर जखमा, खायला जेमतेम. शेवटी २८ सप्टेंबरला मरी सरदाराशी बोलणं करून, हत्यारं आणि तोफ घेऊन, ते मानाने बाहेर पडले. आजारी माणसांनी ती तोफ त्या खिंडीतून दोरांनी ओढून पार केली. ही पायदळाची माणसं, तोफखान्याची नव्हेत. सोडून दिली असती तर कुणी विचारलं नसतं.

'लाइट इन्फंट्री' हा किताब १८४१ मध्ये पलटणीला मिळाला तो काहान आणि दादरच्या कामगिरीसाठी (हे दादर बलुचिस्तानातलं). आमच्या रेजिमेंटच्या नावातले हे दोन शब्द, जे आज साताऱ्यातल्या हजारो घरांच्या दारावरच्या पाट्यांवर आहेत, ते त्याच युद्धात कमावलेले आहेत ज्याचं स्मारक कुलाब्याला उभं आहे.

आबांना सलाम सांगा. त्यांची पलटण कुठली?

वेण्णाकाठची
आबांची जंगी पलटण, पहिली. तुमचा प्रतिसाद वाचताना तोफेच्या वाक्याला त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं.

चारभिंती
काली_पांचवी, अप्रतिम. एक भर घालतो आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती अशी की तेव्हाच्या मुंबई फौजेत आजच्यासारखी जातवार, प्रांतवार पलटण नव्हती. एकाच पलटणीत कोकणातले मराठे, महार, उत्तर हिंदुस्थानातले लोक (त्यांना तेव्हा 'परदेशी' म्हणत), कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल ज्यू असे सगळे असत. सातारा तर तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं, भरतीचा मोठा ओघ कोकणातून. त्यामुळे 'आपली' हा शब्द जरा मोठा करून घेऊ.

आणि भर ही : ज्या गव्हर्नर क्लार्कने डिसेंबर १८४७ ला या चर्चची पायाभरणी केली, त्याच माणसाने पुढच्या काही महिन्यांत सातारच्या बाजूने लेखी मत दिलं. ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराज काशीत वारले, त्यांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे एप्रिल १८४८ ला गेले. दत्तक मानून गादी चालू ठेवावी, तहाने आपण बांधलेले आहोत, असं क्लार्कचं म्हणणं. त्याच्या मागून आलेल्या फॉकलंडने उलट मत दिलं, डलहौसीने तेच उचललं आणि संस्थान खालसा झालं. रेवडी, तुमचा राग क्लार्कला वगळून असू द्या.

रेवडी
हे ठाऊक नव्हतं. मागे घेतो. आबांना माझाही नमस्कार.

माहुलीकर
मला शिलालेखाच्या शब्दांबद्दल बोलायचंय. त्यात शिपाई या अर्थी जो इंग्रजी शब्द आहे तो गोऱ्या शिपायाला वापरत. आपल्या माणसासाठी त्यांच्या कागदात 'सिपॉय', 'हवालदार', 'नाईक' हे शब्द असत. म्हणजे संख्या मोठी म्हणून नावं लिहिली नाहीत असं ज्यांच्याबद्दल म्हटलं, त्यातही आपली माणसं धरलेली नाहीत, असं मला वाटतं. न लिहिलेल्यांतही न धरलेले.

सदरबझार
मी इतकं कठोर वाचणार नाही. लेखात गोरे-काळे असा शब्द नाही. ज्याने मजकूर लिहिला त्याच्या मनात काही असो, आज तिथे उभं राहून वाचणारा त्यात सगळ्यांना धरू शकतो. तुमच्या आबांनी तेच केलं.

माहुलीकर
तुमची माया समजते ताई. पण मग कोरेगावच्या स्तंभाचं काय? १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर याच कंपनीने तिथे देशी शिपायांची नावं कोरली. शेवटी 'नाक' लागणारी बावीस महार सैनिकांची नावं आज लोक बोटाने वाचतात. म्हणजे कोरता येत होती. तीस-चाळीस वर्षांनंतर कोरली नाहीत.

कंदी_पेढा
आपल्या कोरेगावला असा स्तंभ आहे? मी दर आठवड्याला कोरेगाववरून रहिमतपूरला जातो!

माहुलीकर
तालुक्याचं कोरेगाव नव्हे हो, भीमा कोरेगाव, पुण्याजवळचं.

पाथरवट_वडूज
माहुलीकर बरोबर बोलले. दगडावर एक अक्षर कोरायला किती वेळ लागतो ते मला विचारा. मऊ दगडावर चांगला कारागीर दिवसाला बरीच अक्षरं उतरवतो. दहा वर्षं चर्चचं काम चाललं. कोरायचं म्हटलं असतं तर बाहेरच्या भिंतीही होत्याच की.

ड्रॉइंग_बोर्ड
+१. क्षेत्रफळाचा प्रश्न नव्हता.

काली_पांचवी
लांबचं कशाला, पहिल्या महायुद्धाचं बघा. इराकात बसऱ्याला जे स्मारक आहे तिथे अधिकाऱ्यांची नावं आणि हिंदी जवानांची पलटणवार नुसती संख्या. कुतच्या वेढ्यात, मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकात) मराठा पलटणी होत्या, त्यातले कितीतरी जण त्या संख्येत आहेत. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी.

यवतेश्वर
आणि आपल्या गावोगावच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत ज्या संगमरवरी पाट्या आहेत त्या? 'या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले.' दोन आकडे. बाकी काही नाही. मिलिटरी अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले हे सगळा जिल्हा जाणतो. पण बाकीच्या गावांना विचारा, आकड्यातली माणसं कोण? आमच्या गावच्या पाटीवर दरवर्षी चुन्याचा हात बसतो, आकडासुद्धा पुसट झालाय.

पाथरवट_वडूज
संगमरवराला चुना लावू देऊ नका. ओल्या सुती फडक्यानं, साध्या पाण्यानं पुसा. ॲसिड तर अजिबात नको, अक्षरं खाऊन टाकतं. जमलं तर मी येऊन अक्षरांत परत काळं भरून देतो, मजुरी नको.

वेण्णाकाठची
मंडळी, चार दिवस आले नाही, कारण इकडे घरात काही चालू होतं.

यवतेश्वर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि आबा उठून चावडीवर गेले. आमच्याही गावात ती पाटी आहे, मी लहानपणापासून तिच्याखाली उभं राहून एसटीची वाट बघितली आहे आणि एकदाही वाचली नव्हती. आबांनी शाळेची दोनशेपानी वही घेतली. पहिल्या पानावर पाटीवरचा मजकूर उतरवला आणि मग आळीआळीने फिरायला लागले. कुणाच्या पणज्याचा भाऊ, कुणाच्या खापरपणजीचा दीर. म्हाताऱ्या माणसांना बरोबर आठवतंय. एका घरी तर त्याच्या नावाने पितरपाटात आजही वेगळं पान वाढतात, का ते नवीन सुनांना माहीत नव्हतं. आतापर्यंत आठ नावं झाली. दोन ठिकाणी फक्त 'बसऱ्याचे आजोबा' एवढंच सांगतात, खरं नाव कुणाला येत नाही. आबांना तेच खातंय.

काली_पांचवी
ताई, ऐका. त्या घरांत पदक आहे का विचारा. पहिल्या महायुद्धाची पदकं, चांदीचं गोल आणि सोबत बहुधा दुसरं काशासारखं, बऱ्याच घरांत असतात. त्यांच्या दर्शनी बाजूला राजाचं तोंड बघून लोक ठेवून देतात. पदक आडवं धरा आणि त्याची कड बघा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. साध्या शिपायाचीसुद्धा. भिंग लागेल.

वेण्णाकाठची
कडेवर? थांबा, विचारून सांगते.

सदरबझार
वाट बघतेय.

वेण्णाकाठची
एका घरी निघालं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलेलं, रोज पूजेत. राजाच्या तोंडावर शंभर वर्षांचं हळदकुंकू, कड तर पूर्ण भरून गेलेली. घरातल्या आजी हात लावू देईनात. मग आबा म्हणाले, "वहिनी, आंघोळ घालूया त्यांना." तेव्हा त्यांनी स्वतः तांब्याभर कोमट पाणी आणलं. जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याने हळूहळू पुसलं. ताम्हनात लाल पाणी साचत गेलं.

त्यांच्या नातीने मोबाइलचा उजेड धरला आणि भिंगातून एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. आधी नंबर. मग सिपॉय. मग नाव. मग ११० मराठा एल. आय.

आजींनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या धाकट्याचं नाव." घरात चार पिढ्या तेच नाव फिरत होतं आणि कुणाचं म्हणून ठेवलं ते कुणाला माहीत नव्हतं.

आबांनी वहीत नववं नाव लिहिलं, नंबरासकट. पाथरवट दादा, तुम्ही येणार म्हणालात ना? पाटीशेजारची भिंत रिकामी आहे. आबा विचारतात, काळा दगड लावायचा की पांढरा?

पाथरवट_वडूज
काळा. अक्षरं मी कोरतो. सगळी नावं येऊ द्या आधी, घाई करू नका.